गोचीड काढायचा हुक आणि टोकदार चिमटा: तिलारीच्या जंगलात दिवसभर वापरून बघितला

आधी स्टार सांगून टाकते. मोठ्या हुकला पाचपैकी साडेचार, छोट्या हुकला तीन, आणि सोबत घेतलेल्या साध्या स्टीलच्या टोकदार चिमट्याला पाचपैकी पाच. का ते पुढे सांगते, जरा लांब होईल, पण जे लोक जानेवारी ते मे मध्ये महाराष्ट्र-गोवा सीमेवरच्या दोडामार्ग, सावंतवाडी, सत्तरी या पट्ट्यात जंगलात, काजूच्या बागेत नाहीतर मित्रांबरोबर नदीवर जेवण करायला जातात त्यांनी पूर्ण वाचा, कारण ही वस्तू ऑनलाइन कुत्र्या-मांजरांच्या सामानात विकतात आणि माणसांसाठी ती कोणी बघतच नाही.

तर हुक म्हणजे काय, हिरव्या प्लॅस्टिकचा बोटाएवढा दांडा, आणि पुढे हातोडीला खिळे उपटायला मागे दोन शिंगं असतात ना तशी दोन छोटी शिंगं, मधे निमुळती होत जाणारी फट. मूळ डिझाइन फ्रान्सचं आहे, आता तसाच दिसणारा माल दहा वेगवेगळ्या नावांनी मिळतो. सेटमध्ये दोन येतात, एक मोठा एक छोटा. मी आधी 99 रुपयेवाला मागवला होता, त्याची फट इतकी रुंद की तीळ मधून आरामात आरपार जाईल, आणि शिंगांच्या कडेला मोल्डिंगचा कच्चा फुगवटा तसाच सोडलेला, तो परत केला. मग 240 चा घेतला, तो चांगला निघाला. घेताना एकच टेस्ट करा, फटीच्या अगदी आतल्या टोकाला शिवणाचा दोरा अडकतो का बघा, नुसता सरकून बाहेर आला तर ती फट बारीक गोचिडीला काही धरणार नाही.

घेतला कशासाठी तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही असेच पाच जण फिरायला गेलेलो तेव्हा प्रथमेशच्या कमरेला एक गोचीड चिकटली होती आणि कोणाकडे काहीच नव्हतं. एकाने सांगितलं रॉकेल लाव, दुसरा म्हणाला पेटती अगरबत्ती लाव म्हणजे सोडते, शेवटी त्यानेच नखाने ओढून काढली, ती फुटली आणि डोक्याचा भाग आत राहिला. त्या जागी गाठ आली, महिनाभर खाज, थोडा पू पण झाला. आत राहिलेला तुकडा शरीर हळूहळू स्वतःच बाहेर टाकतं, त्याला सुईने उकरत बसायचं नसतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं आणि तोपर्यंत आमचं उकरून झालं होतं. तेव्हापासून डोक्यात होतं की पुढच्या वेळी हात रिकामे नकोत.

आता रॉकेल, अगरबत्ती, चुना, व्हॅसलिन, नेलपॉलिश याबद्दल एकदाच मनापासून सांगते, प्लीज करू नका. गोचीड काही श्वास कोंडून पटकन सुटत नाही, ती खूप कमी हवेवर तासन् तास राहू शकते, आणि डिवचल्यावर पोटातलं उलट आपल्याच जखमेत सोडायची शक्यता वाढते. तुम्ही अर्धा तास उपाय करत बसता आणि तो अर्धा तास ती आपल्या अंगाला चिकटलेलीच असते.

आणि आपल्याकडे हा विषय नुसत्या खाजेचा नाहीये. पुण्या-मुंबईच्या मित्रांना माकडताप, म्हणजे गोचिडीतून पसरणारा व्हायरसचा ताप, म्हटलं की काहीतरी जुन्या काळातलं वाटतं. हा व्हायरस 1957 मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला म्हणून इंग्रजी नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. नंतर तो सह्याद्रीच्या कडेने वर सरकत आला, 2015 ला गोव्यात सत्तरीतल्या पाली गावात, 2016 ला आपल्या दोडामार्गात, 2017 ला सावंतवाडी तालुक्यात बांद्याकडे. माणसं गेली आहेत यात, आमच्या ओळखीच्या घरांतली सुद्धा. ताप एकदम चढतो, कपाळ ठणकतं, अंग मोडून येतं, उलट्या, काहींना हिरड्यांतून नाकातून रक्त, आणि काहींना बरं वाटल्यावर एक-दोन आठवड्यांनी परत ताप येऊन मेंदूवर परिणाम होतो. शंभरात तीन ते पाच जण दगावतात. थेट औषध नाही, सलाइन, प्लेटलेट, देखरेख एवढंच. कर्नाटकात लस द्यायचे ती पण 2022 पासून बंद झाली. म्हणजे अंगावर गोचीड चढू न देणं आणि चढली तर लगेच नीट काढणं, आपल्या हातात हेच दोन आहेत.

पसरवते कोण तर मुख्यतः हिमाफायसॅलिस नावाची गोचीड, आणि तिची मोठी झालेली नव्हे तर मधल्या वयातली पिल्लं, ज्यांना निम्फ म्हणतात, तिळाएवढी असतात, आठ पायांची. पावसाळा संपल्यावर नोव्हेंबरपासून मेपर्यंत ती सुक्या पातेऱ्यात, म्हणजे झाडाखाली पडलेल्या पानांत, असतात आणि नेमका हाच आपला काजूचा, लाकूडफाट्याचा आणि ट्रेकचा सीझन. माकडांना हा आजार माणसांसारखाच होतो, ती मरून पडली की त्यांच्या अंगावरच्या गोचिड्या तिथेच खाली उतरतात, म्हणून मेलेलं माकड दिसलं की जवळ जायचं नाही, फोटो काढायला पण नाही, आरोग्य केंद्राला नाहीतर वन खात्याला लगेच कळवायचं.

तर यंदा फेब्रुवारीत आम्ही निखिलच्या घरी दोडामार्गाला गेलो, मी, सायली, ऋता, प्रथमेश आणि तो. सकाळी काजूच्या बागेतून जंगलाच्या कडेने वर जायचं, ओढ्यावर जेवण, संध्याकाळी परत, असा साधा दिवस. तिलारीचं जंगल 2020 पासून संवर्धन राखीव आहे, आत शिरायचा आमचा विचारच नव्हता, कडेकडेनेच फिरलो आणि तरी दिवसभरात आम्हा पाच जणांवर मिळून 23 सापडल्या. मोजल्या कारण सायलीने वहीत लिहून ठेवल्या. त्यातल्या 19 कपड्यांवर चालत होत्या, चार चावलेल्या. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण हुक आणि चिमट्याचं खरं काम त्या चारसाठी, बाकी 19 ना दुसरंच काहीतरी लागलं.

निघताना निखिलच्या आईने, म्हणजे काकींनी, दारातच थांबवलं. "गो बाय, पातेऱ्यात बसू नकात, गोचीड लागतली," एवढंच म्हणाल्या आणि प्रत्येकाला एकेक रिकामं पोतं दिलं बसायला. ते पोतं सुद्धा झाडाखाली टाकायचं नाही, दगडावर टाकायचं आणि उठलं की झटकायचं. गोचीड उडी मारत नाही, उडत नाही, झाडावरून डोक्यावर पडते हे तर बहुतेक वेळा खोटंच असतं. ती गवताच्या टोकाला नाहीतर पानाच्या कडेला मागच्या पायांवर धरून पुढचे पाय हवेत पसरून वाट बघत बसते, आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब तिला कळते, आपण घासून गेलो की धरते आणि मग वर वर चढत जाते. म्हणून मानेवर सापडलेली गोचीड सुद्धा बऱ्याचदा घोट्यावरून चढून आलेली असते. काकींना यातलं पुढचे पाय वगैरे माहीत नाही पण त्यांनी पँट मोज्यात खोचायला लावली ते यासाठीच.

मोज्यांबद्दल. आम्ही आंबोलीला पावसात जळवांसाठी घेतलेले ते गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे लीच सॉक्स घातले होते, आणि हे मला या सगळ्यात सगळ्यात उपयोगी वाटलं. रंग फिकट, त्यामुळे वर चढणारी तपकिरी ठिपकी लगेच दिसते. प्रथमेशने काळी ट्रॅक पँट घातलेली, त्याच्यावर काहीच दिसत नव्हतं, आणि चारपैकी दोन त्यालाच चावल्या. फिकट कपडे घाला एवढं ऐकलंत तरी खूप आहे.

चालणाऱ्या गोचिड्यांना हुक काही कामाचा नाही, चिमट्याने एकेक पकडत बसलं की तोवर दुसरी वर जाते. त्याला उपाय म्हणजे चिकटपट्टी, ती खाकी रुंद पॅकिंगची. हातात उलटी गुंडाळून, चिकट बाजू बाहेर, मोज्यावर थापटत जायचं, गोचीड पट्टीला चिकटते, मग पट्टी दुमडून टाकायची, आत अडकली ती अडकली. हे मी डिसेंबरमध्ये शिकले जेव्हा हेवाळ्याच्या बाजूला गेलो होतो आणि ऋताचा एक पाय एका झुडपाला घासला आणि मिनिटभरात मोज्यावर खसखस सांडल्यासारखं झालं. ती अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं, सहा पायांची. मादी हजारो अंडी एका जागी घालते त्यामुळे पिल्लं पण घोळक्यानेच एका पानावर बसलेली असतात. शंभर-दीडशे तरी असतील, हाताने झटकली असती तर हातावर आली असती. चिकटपट्टीने तीन-चार मिनिटांत साफ. 40 रुपयांचा रोल आणि माझ्या मते या सगळ्या सामानातली ही पहिली वस्तू.

आता मुख्य वस्तू. मोठ्या हुकची पहिली परीक्षा माणसावर नाही, निखिलच्या कुत्र्यावर, मोतीवर झाली. मोती कायम बागेत असतो, कानाच्या मागे करड्या रंगाची वाटाण्याएवढी फुगलेली एक होती. निखिलने तोंड धरलं, मी बाजूने हुक सपाट सरकवला, केस बाजूला करत, गोचीड फटीत नीट बसेपर्यंत, मग हलकंसं उचलून दांडा दोन बोटांत फिरवला, स्क्रू काढतो तसा. दोन फेऱ्यांत आली. अख्खी, पाय हलवत, मोतीने मान सुद्धा वळवली नाही. ओढायचं नाही, फक्त फिरवायचं, आणि पोटावर अजिबात दाब येत नाही कारण शिंगं पोटाच्या खालून जातात. फुगलेली गोचीड चिमट्यात धरली तर पोट दाबलं जायची भीती असते, तिथे हुक एक नंबर आहे. गाई-म्हशी, कुत्रे असलेल्या घरात मोठा हुक हवाच. त्याचा अर्धा स्टार कापला कारण दांडा फार गुळगुळीत आहे, घामाने हात ओला असला की घसरतो, मी त्याला रबर बँड गुंडाळला.

छोट्या हुकची गंमत मात्र वेगळी झाली. जेवायला बसलो तेव्हा प्रथमेश म्हणाला गुडघ्याच्या मागे काहीतरी टोचतंय. बघितलं तर काळसर तीळ. मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघितलं तेव्हा पाय दिसले, आणि तोंडाशी कातडी किंचित लाल. छोटा हुक बाजूने सरकवला तर तो तिच्या वरूनच निघून गेला, परत प्रयत्न केला तर ती फटीच्या रुंद भागात येते पण आत सरकत नाही, कातडी मऊ असल्यामुळे हुकच दाबला जातो. तीन वेळा केलं आणि थांबले, कारण जास्त डिवचणं बरं नाही. मग चिमटा काढला.

हा चिमटा भुवयांचा नाही हे आधी सांगते. भुवयांच्या चिमट्याची टोकं चपटी आणि तिरकी असतात, त्याने गोचिडीचं पोटच चिमटीत येतं. हा सुईसारखा टोकदार, घड्याळ किंवा मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तो, बाजारात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात 90 रुपयांना मिळाला. एका हाताने कातडी ताणून धरली, चिमट्याची टोकं कातडीला अगदी टेकवली, तिच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंनी, पोटाला न लावता, आणि सरळ वर, हळू, एकाच जोराने. झटका नाही, पीळ नाही. कातडी तंबूसारखी वर आली, तशीच धरून ठेवली, मनात दहापर्यंत मोजलं असेल, आणि मग ती सुटली. सायलीने भिंगाने बघितलं, पूर्ण होती.

इथे लोकांचा गोंधळ होतो म्हणून सांगते, हुक असेल तर फिरवायचं आणि चिमटा असेल तर फिरवायचं नाही. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. गोचिडीच्या तोंडाला उलट्या काट्यांची सोंड असते, चिमट्यात घट्ट धरून पिळली की ती तुटते, हुकमध्ये ती सैल बसलेली असते म्हणून अख्खी गोल फिरते. सेटवरच्या कागदावर हे कुठेही लिहिलेलं नाही, नुसतं एक चित्र आहे आणि बाण. विकणाऱ्याने एवढी एक ओळ मराठीत हिंदीत छापली असती तर किती बरं झालं असतं. याच गोष्टीसाठी मी वस्तूला नावं ठेवते.

काढल्यावर जागा साबण-पाण्याने धुतली, स्पिरिटचा बोळा लावला, हात धुतले. गोचीड बोटांनी चिरडायची नाही, नखावर नखाने टचकन फोडायची तर अजिबात नाही. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना ती सवय आहे, उवांसारखी. तिच्या आतलं द्रव बोटाच्या बारीक चिरेतून जाऊ शकतं. आम्ही चिकटपट्टीत दुमडून, वरून तारीख आणि "प्रथमेश, उजवा गुडघा" लिहून ठेवलं. पुढे ताप आलाच तर डॉक्टरांना सांगायला तारीख लागते.

बाकी तीन पण चिमट्यानेच निघाल्या. प्रथमेशच्याच बेंबीच्या बाजूला एक, सायलीच्या काखेजवळ एक आणि माझ्या केसांच्या कडेला कानामागे एक, ती ऋताने काढली, मला कळलं सुद्धा नाही कधी निघाली. चावलेलं कळत नाही हेच वाईट आहे, तिच्या लाळेतच बधिर करायचं असतं. म्हणून दर तासाला थांबून एकमेकांना बघायचं हे आम्ही ठरवलेलं, मान, कानामागे, गुडघ्यामागे, कमरपट्टा, आणि बाकी जागा घरी जाऊन आंघोळीच्या वेळी. मैत्रीत लाज वाटायचं काय कारण आहे, पण ते आधी ठरवलेलं असलं की सोपं जातं.

स्प्रेबद्दल थोडं. आम्ही डीट, म्हणजे किडे लांब ठेवणारं औषध, 20 टक्केवाला स्प्रे मागवला होता, मोज्यांवर, बुटांवर आणि उघड्या हातांवर मारला. फरक पडतो, स्प्रे विसरलेल्या ऋताच्या मोज्यांवर चढणाऱ्या स्पष्ट जास्त होत्या. पण घाम आला की दोन-तीन तासांनी परत मारावा लागतो. आणि एक नुकसान झालं, सायलीने स्प्रेच्या हातांनी गॉगल धरला आणि त्याची प्लॅस्टिकची फ्रेम चिकट होऊन बोटांचे ठसे उमटले, डीट प्लॅस्टिक विरघळवतं हे लक्षात ठेवा, घड्याळ, गॉगल, मोबाइलचं कव्हर लांब. आपली नेहमीची डासांची क्रीम वेगळ्या औषधाची असते, तिच्या भरवशावर जाऊ नका. कर्नाटकात आरोग्य खातं माकडतापाच्या गावांत डेपा नावाचं तेल वाटतं, ग्वाल्हेरच्या डीआरडीओच्या लॅबने शोधलेलं. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पण लावायला काही मिळतं का ते जायच्या आधी नक्की विचारा. पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक कपड्यांवर मारतात, ते उत्तम आहे म्हणतात, मी वापरलेलं नाही म्हणून त्याला स्टार देत नाही. फक्त खरजेचं पर्मेथ्रिन क्रीम घेऊन कपड्यांना फासू नका, आणि घरात मांजर असेल तर ओलं पर्मेथ्रिन तिच्यासाठी विष आहे.

घरी आल्यावर काकींनी आम्हाला आत घेतलंच नाही. मागच्या पडवीत कपडे काढून सरळ उकळत्या पाण्यात. साध्या थंड पाण्याच्या धुण्याने गोचीड मरत नाही, वॉशिंग मशीनमधून धुऊन निघालेल्या मोज्यावर ती चालताना मी स्वतः बघितली आहे. तिला मारतं ते गरम पाणी आणि कोरडी उष्णता. अमेरिकेत माझी मावसबहीण न्यू जर्सीत राहते, तिकडे हरणांवरच्या गोचिड्यांमुळे लाइम नावाचा आजार होतो, ती आल्या आल्या कपडे न धुता थेट ड्रायरमध्ये दहा मिनिटं जोरात फिरवते. आपल्याकडे ड्रायर कुठला, चुलीवरचं पाणी आहे.

तिच्याशी याच हुकबद्दल बोलणं झालं तेव्हा ती म्हणाली अगं घाबरू नकोस, 24 तासांच्या आत काढली तर काही होत नाही. हे तिथल्या लाइमसाठी बऱ्यापैकी खरं आहे, तो जिवाणू गोचिडीच्या पोटातून तोंडापर्यंत यायला वेळ घेतो. पण आपल्याकडे व्हायरसचा प्रश्न आहे, आणि गोचिडीतून येणारे काही व्हायरस मिनिटांत पोचतात. त्यामुळे इंटरनेटवर वाचलेला तो 24 तासांचा हिशोब तिलारीत लावू नका. दिसली की काढा, जेवण नंतर.

आम्ही पाचही जणांनी कॅलेंडरवर त्या दिवसापासून दोन आठवडे खुणा केल्या. माकडतापाची लक्षणं साधारण तीन ते आठ दिवसांत दिसतात, पण गोचिडीतून येणारे टायफससारखे दुसरे ताप पण असतात, त्यांना जास्त दिवस लागू शकतात आणि त्यांच्यावर औषध आहे, वेळेत दिलं तर. सहाव्या दिवशी सायलीला कणकण आली आणि आम्ही सगळेच गळाठलो. ती दुकानातून गोळी न घेता सरळ डॉक्टरांकडे गेली, पहिलंच वाक्य "मी दोडामार्गच्या जंगलात गेले होते, गोचीड चावली, ही तारीख" असं सांगितलं, त्यांनी रक्त तपासलं, प्लेटलेट बघितल्या, दोन दिवसांनी परत बोलावलं. साधी सर्दी निघाली. पण ते पहिलं वाक्य कोणीही विसरू नका, डॉक्टर शहरातले असतील तर त्यांच्या मनात माकडताप येणारच नाही तुम्ही सांगितल्याशिवाय.

तर घ्यावं का? घरी कुत्रा, गुरं असतील तर हुकचा सेट घ्या, 240 रुपये वसूल आहेत, मोठा हुक वर्षानुवर्षं टिकेल असा वाटतो. फक्त माणसांसाठी, आपल्या भागात, निम्फच्या सीझनमध्ये जायचं असेल तर सेट नाही घेतला तरी चालेल, टोकदार चिमटा, खाकी चिकटपट्टी, भिंग आणि स्पिरिटचे बोळे घ्या, सगळं दीडशे-दोनशेत बसतं आणि एका छोट्या पाउचमध्ये मावतं. पाउच बॅगेच्या तळाशी टाकू नका, बाहेरच्या कप्प्यात ठेवा. चिमटा दुकानातच उजेडाकडे धरून दाबून बघा, टोकं एकमेकांना नीट भिडली पाहिजेत, मधून उजेड दिसला तर दुसरा मागा. मी तिसरा घेतला.

डिलिव्हरी दोडामार्गला सहा दिवसांनी आली, कुडाळला दोन दिवसांत यायची, तेव्हा आयत्या वेळी मागवू नका.

परत निघताना छोटा हुक काकींना दिला, त्यांनी तो दोनदा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "ह्यो नको, तो सुयेसारखो दी." चिमटा दिला. आता त्यांच्याकडे काजू वेचायला येणाऱ्या बायकांसाठी अजून चार हवेत असा निखिलचा काल फोन आला, आणि एक भिंग, मोठं, कारण त्यातल्या दोघींना जवळचं दिसत नाही.